पुढच्या आगोटीआधी घरं सांधून घेऊ

२ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं. खालची भेंदवाडी पाण्याने उचलून नेली. वीसहून अधिक माणसं गेली. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर चढलं. श्रीवर्धन, दिवेआगर, मुरुड या पट्ट्यात ताशी शंभर किलोमीटरहून जास्त वेगाच्या वाऱ्याने पत्रे उडाले, कौलं विखुरली, नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळ किनाऱ्याला घासत गुजरातकडे गेलं. २२ जुलै २०२१ ला चिपळूण आणि महाड पाण्याखाली गेलं, आणि त्याच दिवशी महाड तालुक्यातल्या तळियेवर डोंगर उतरला. तळियेत ऐंशीहून अधिक जीव गेले.

हे सगळं आपल्या कोकणात दोन वर्षं आणि वीस दिवसांत घडलं.

शिवाय पायाखाली भूकंप आहेच. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेला जो धक्का बसला, त्यात सुमारे १८० माणसं दगावली. चिपळूणहून कुंभार्ली घाट चढून गेलं की कोयनानगर येतं. तिथली जमीन आजही अधूनमधून हलते.

म्हणजे आपलं एकच घर आणि त्याच्यावर चार बाजूंनी डोळा! पावसाळ्यात पूर आणि दरड, पावसाळ्याच्या आगेमागे वादळ, आणि भूकंपाला तर ऋतूच नाही. तरी आपण तयारी करतो ती नुकत्याच येऊन गेलेल्या संकटाची. वादळ झालं की छपराची चर्चा, पूर आला की गाळाची, दरड कोसळली की पुनर्वसनाची. पंचनामे वेगळे, मदतीचे तक्ते वेगळे, आणि आपली आठवणही वेगवेगळ्या कप्प्यांत. घर मात्र एकच असतं, आणि त्याला सगळं एकट्यानेच सोसायचं असतं.

या लेखाचं म्हणणं एवढंच आहे की चारही संकटांचा विचार एकदम करून घर, रस्ता, शाळा, पूल बांधता येतात. त्यासाठी परदेशी तंत्र किंवा अफाट पैसा लागत नाही. निम्मं शहाणपण आपल्याकडे होतंच. ते हातातून निसटायला लागलंय. ते पूर्ण जाण्याआधी धरून ठेवायचं आहे, आणि त्यात जे कमी होतं ते भरून काढायचं आहे.

आपल्या हातातून काय चाललंय?

शाकारणी हा शब्द आपल्या नातवंडांना माहीत आहे का, विचारून पाहा.

उन्हाळा उतरणीला लागला की वाडीतली माणसं आळीपाळीने एकमेकांच्या घरावर चढायची. कौलं उतरवायची, फुटकी बाजूला काढायची, वाळवी लागलेला वासा बदलायचा, सैल रीप पुन्हा ठोकायची. पन्हळी साफ व्हायच्या. घरामागचा चर उपसायचा, पऱ्यातला पाचोळा काढायचा, गडग्याचा ढासळलेला दगड परत बसवायचा. पडवीला झडपा बांधल्या, लाकूडफाटा आत घेतला, की आगोटीची तयारी पुरी.

ती नुसती डागडुजी नव्हती. आढ्यापासून चरापर्यंत सगळ्या घराची दरवर्षी होणारी तपासणी होती ती, आणि तीही फुकट. चार अनुभवी डोळे वर्षातून एकदा तरी तुमच्या घराच्या प्रत्येक सांध्यावरून फिरत होते.

आता घरं बंद आहेत. माणसं मुंबई-पुण्याला, कुणी आखाती देशांत. कुलूप निघतं ते शिमग्याला आणि गणपतीला. कौलारू घर पाडून स्लॅबचं बांधलं की वाटतं, चला, दरवर्षीची कटकट मिटली. पण खाऱ्या हवेत स्लॅबमधला गज गंजतो, फुगतो आणि काँक्रीटचे पापुद्रे पाडतो. कटकट मिटलेली नसते, फक्त दिसेनाशी होते.

दुसरीकडे कसबी माणसं कमी होत चालली आहेत. चिरा नीट बसवणारा गवंडी, लाकडाला लाकूड सांधणारा सुतार, पाण्याची वाट ओळखून जोत्याची जागा सांगणारा गावातला जाणता म्हातारा. त्यांच्या मुलांना हे काम नको आहे, कारण त्या कामाला आपणच मान आणि दाम दिलेला नाही. जिथे पूर्वी उतारावर झाडं होती तिथे आता जेसीबीने पाडलेले टप्पे आहेत. जिथे पऱ्या मोकळा वाहत होता तिथे कंपाउंडची सलग भिंत आहे. पूर्वीच्या कोरड्या दगडांच्या गडग्यातून पाणी झिरपून जायचं. आताची भिंत ते अडवते आणि मग एका रात्रीत सगळं घेऊन कोसळते.

जुनं ते सगळं सोनं नव्हतं

इथे एक सावधगिरी हवी. जुनी घरं म्हणजे सगळं आलबेल, असं म्हणून चालणार नाही. आपल्या पूर्वजांनी ज्या संकटाला दरवर्षी तोंड दिलं, त्याच्यावर उत्तम तोडगे काढले. पिढीतून एकदा येणाऱ्या संकटासाठी मात्र त्यांच्या घरात अनेकदा काहीच सोय नव्हती.

याची सर्वांत जड किंमत मराठवाड्यातल्या आपल्या माणसांनी मोजली आहे. किल्लारी परिसरातली माळवदाची घरं उन्हावर नामी उपाय होती. जाड दगडी भिंती, वर मातीचा जाड थर. बाहेर वैशाख पेटलेला असला तरी आत गारवा. पण त्या भिंती मातीत रचलेल्या. आतला थर वेगळा, बाहेरचा वेगळा, मधे दगडगोट्यांची भर, आणि दोन्ही थरांना आरपार धरून ठेवणारा दगडच नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेशविसर्जन आटोपून गाव झोपलेलं असताना, ६.२ तीव्रतेचा भूकंप झाला. भिंतींचे थर फुटून सुटे झाले आणि माळवदाची माती झोपलेल्या माणसांवर आली. मृतांचा आकडा आठ हजारांच्या घरात गेला. उन्हापासून वाचवणारं छप्परच जिवावर उठलं.

उलट बाजूचं उदाहरण गुजरातचं. २६ जानेवारी २००१ च्या कच्छच्या भूकंपात केंद्रापासून दोनशेहून अधिक किलोमीटर दूर असलेल्या अहमदाबादेत आधुनिक, सिमेंट-काँक्रीटच्या बहुमजली इमारती कोसळल्या. त्यातल्या अनेकींचा तळमजला पार्किंगसाठी मोकळा सोडलेला होता. वरचे मजले भिंतींनी भरलेले आणि खाली नुसते खांब. धक्का बसला तेव्हा सगळा ताण त्या उघड्या खांबांवर आला.

आता चिपळूण-महाडच्या पुराकडे या उदाहरणासह पाहा. पुरानंतर कुणाच्याही मनात पहिला विचार येतो की खांबांवर घर उचलून घ्यावं, खालून पाणी जाऊ द्यावं. विचार पुरापुरता बरोबर आहे. पण ते खांब भूकंपाच्या हिशेबाने बांधले नाहीत, तर पुरातून वाचलेलं घर धक्क्यात जाईल.

छपराचंही तेच. वारा म्हणतो छप्पर जड ठेव, भूकंप म्हणतो हलकं ठेव. पूर म्हणतो उंचावर जा, दरड म्हणते उतारावर चढू नकोस. एकाचंच ऐकलं की दुसऱ्याच्या तावडीत सापडतो.

मग करायचं काय? चौघांचंही समाधान होईल असा मार्ग आहे का?

मार्ग सांध्यात आहे

घर मोडतं ते बहुधा सांध्यात. भिंत भिंतीला जिथे मिळते, छप्पर भिंतीवर जिथे टेकतं, जोतं जमिनीला जिथे धरतं, आणि घर उताराला जिथे चिकटतं, तिथे. वारा छप्पर उचलतो तेव्हा हाच सांधा उघडतो. भूकंप भिंती हलवतो तेव्हा कोपरे सुटतात. पुराचं पाणी जोत्याखालची माती नेतं. दरड उताराचा कापलेला पायथा शोधते. संकटं चार असली तरी ती आपल्या घराची तीच ती दुर्बळ जागा हेरतात. म्हणून सांधे पक्के केले की एका खर्चात अनेक संकटांची सोय होते.

हापूसची पेटी डोळ्यांसमोर आणा. सुट्या फळ्या उभ्या केल्या तर बोटाने ढकलून पडतात. त्याच फळ्यांना कोपऱ्यात खिळे मारले, वरून-खालून पट्ट्या ठोकल्या, की तीच पेटी ट्रकमधून आदळत-आपटत मुंबई गाठते. लाकूड तेच, जाडी तीच. चिऱ्याच्या घराची गोष्ट वेगळी नाही.

चिऱ्याच्या किंवा विटांच्या भिंतीला जोत्याच्या पातळीवर, दारा-खिडक्यांच्या डोक्यावर आणि छपराखाली काँक्रीटचा सलग पट्टा घाला. 'सलग' या शब्दावर जोर आहे. फक्त दाराच्या वर तुकडा टाकून थांबायचं नाही. पट्टा सगळ्या भिंतींवरून, कोपऱ्यांतून फिरून पुन्हा स्वतःला येऊन मिळाला पाहिजे. कोपऱ्यांत पायापासून वरच्या पट्ट्यापर्यंत उभा गज द्या. दार-खिडकी कोपऱ्यापासून निदान दोन फूट दूर ठेवा. नवं घर बांधताना हे केलं तर एकूण खर्चाच्या मानाने वाढ थोडकी असते. फरशी आणि रंगावर आपण याहून जास्त उडवतो.

काँक्रीटचे कॉलम असतील तर रिंगांकडे लक्ष द्या. रिंगांची टोकं नुसती काटकोनात वळवून सोडली तर धक्क्यात उघडतात. ती कॉलमच्या गाभ्याकडे, आत वळवून घ्यायची. कॉलमच्या वरच्या आणि खालच्या टोकाला रिंगा जवळजवळ हव्यात. मालात पाणी ओतून तो पातळ करू द्यायचा नाही. खाडीची खारी वाळू घराबाहेरच ठेवायची. आणि ओतून झाल्यावर पाणी मारायला आळस करायचा नाही.

आता छप्पर. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा जोर चौपट होतो. आणि वारा छपराला दाबतो त्याहून जास्त वर ओढतो. दुपाखी छपरापेक्षा आपलं जुनं चौपाखी छप्पर वाऱ्याला चांगलं तोंड देतं, कारण त्याला वाऱ्याने पकडावी अशी उभी त्रिकोणी भिंत नसते. फक्त वासा भिंतीवर टेकवून सोडू नका. लोखंडी पट्टीने किंवा बोल्टने वरच्या पट्ट्याला बांधा. कडेच्या आणि आढ्याजवळच्या कौलांना तारेने धरून ठेवा. पत्रे असतील तर कडांना हूक-बोल्ट दाट लावा. पडवीचं छप्पर मुख्य छपराला जोडून एकसलग नेऊ नका. वेगळं ठेवलं तर वाईट वेळी पडवी जाईल, घर राहील.

छप्पर हलकं असूनही घट्ट बांधलेलं, म्हणजे वारा आणि भूकंप दोघांचंही ऐकलेलं. खांबांवर घर घ्यायचंच असेल तर दोन्ही दिशांनी आधारभिंती किंवा तिरके टेकू देऊन घ्यायचं, म्हणजे पूर आणि भूकंप दोघांचंही ऐकलेलं. हे काम इंजिनिअरच्या हिशेबानेच करायचं.

पुरासाठी साधे उपाय फार आहेत. २०२१ च्या पाण्याची खूण भिंतीवर रंगवून ठेवा. विजेचा मीटर, मुख्य बटण, इन्व्हर्टर त्याच्या वर न्या. दवाखाना असेल तर जनरेटर तळमजल्यावर ठेवू नका. कागदपत्रं, औषधं, धान्य यांच्यासाठी माळा करा. चिपळूणच्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिराने २००५ च्या पुरात आणि पुन्हा २०२१ च्या पुरात पुस्तकं गमावली. अशी घरं, शाळा, वाचनालयं आपल्याकडे ढिगाने आहेत, जिथे मौल्यवान ते खाली आणि अडगळ वर असते. ही अदलाबदल एका रविवारी होते.

उतार ओळखायला शिकूया

दरडीवर मात्र घराच्या भिंतीत उपाय नसतो. डोंगर आला की पट्टा, गज, कॉलम काही चालत नाही. तिथे उपाय एकच: जागा.

माळीण गावात ३० जुलै २०१४ ला दरडीखाली दीडशेहून अधिक माणसं गाडली गेली. त्यानंतर दरडप्रवण गावांच्या याद्या झाल्या. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूरची इर्शाळवाडी गेली, आणि ती वाडी त्या यादीत नव्हती. याद्या हव्यातच. पण यादीत नाव नाही म्हणून निर्धास्त झोपता येत नाही. आपले डोळे उघडे हवेत.

डोंगरावर नवी भेग दिसते का? नेहमीचा झरा अचानक गढूळ झाला का, आटला का, नवीन जागी फुटला का? झाडं, विजेचे खांब कलले का? दार एकाएकी घट्ट बसायला लागलं का? यांतलं एक जरी दिसलं आणि पाऊस चालू असला, तर वाट पाहायची नाही. माणसं हलवायची. नंतर काही झालं नाही तर हसू होईल, होऊ दे.

आणि उताराला आपण होऊन दुखवू नका. घरासाठी, रस्त्यासाठी, काजूच्या बागेसाठी पायथा उभा कापू नका. कापावाच लागला तर आधारभिंतीला पाणी जायला भोकं ठेवा, नाहीतर भिंतीमागे साचलेलं पाणीच ती ढकलून देतं. घराच्या वरच्या अंगाला चर काढून पाणी बाजूला वळवा. शोषखड्डा उताराच्या डोक्यावर घेऊ नका. वणवा लागू देऊ नका. मुळं जळाली की माती मोकळी होते.

घर वाचलं आणि पूल गेला तर?

घर एकटं कधीच नसतं. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा ब्रिटिशकालीन दगडी पूल पुरात गेला आणि एसटीच्या दोन बसगाड्या पाण्यात गेल्या. वर्षभरात नवा पूल उभा राहिला. म्हणजे मनात आणलं तर आपल्याला जमतं! प्रश्न इतकाच आहे की मनात आणायला पूल पडावा का लागतो?

कोकण रेल्वेकडे पाहा. २२ जून २००३ ला वैभववाडीजवळ रुळांवर आलेल्या दरडीने गाडी घसरली आणि पन्नासच्या आसपास प्रवासी गेले. पुढच्याच पावसाळ्यात महाड तालुक्यात करंजाडीजवळ पुन्हा अपघात झाला. त्यानंतर उतारांचा उभेपणा कमी केला गेला, दगड अडवणाऱ्या जाळ्या बसल्या, पावसाळ्यात गस्त वाढली, पाऊस मोजून वेग ठरू लागला. पावसाळी वेळापत्रकावर आपण गाडीत बसून कुरकुरतो. त्या वेळापत्रकातल्या प्रत्येक जास्तीच्या मिनिटात कुणाचा तरी जीव राखलेला आहे. डोंगर आणि पाऊस यांच्याशी जुळवून घेऊन चाललेली ही यंत्रणा आपल्याच मातीतली आहे. महामार्ग रुंद करताना, परशुराम घाटासारखे डोंगर कापताना, हीच शिस्त आपण मागायला हवी.

कोयना धरणाचंही तेच. १९६७ च्या धक्क्याने धरणाला भेगा पडल्या. नंतर मागच्या बाजूने काँक्रीटचे भक्कम टेकू देऊन ते मजबूत केलं गेलं, आणि ते आज उभं आहे. जुनी वास्तू मजबूत करता येते, पाडावीच लागत नाही, याचा याहून मोठा दाखला कोणता?

किल्लारीनंतरही, ज्या गावांतली घरं पूर्ण पडली नव्हती, तिथे भिंतीत आरपार दगड आणि काँक्रीटचे सांधे घालून, लोखंडी जाळीचे पट्टे मारून घरं पक्की करण्याचं काम झालं. आपल्या जुन्या चिऱ्याच्या घरांनाही हे करता येतं. दारांच्या डोक्यावरून आतून-बाहेरून जाळीचा पट्टा, वर सिमेंटचा गिलावा, आणि कोपऱ्यांना जास्तीचा आधार. पंधरा-वीस दिवसांचं काम, तेही गावातल्याच गवंड्याने करायचं.

आणि समुद्राच्या बाजूला? रायगडच्या खारजमिनीत बांध आणि उघाड्या, गोव्याच्या खाजनांत बांध आणि मानशी. भरतीला आपोआप मिटणारं आणि ओहोटीला उघडणारं लाकडी दार. त्यामागे भातशेती, मासळी आणि पुराच्या पाण्याला पसरायला जागा. गावाने मिळून सांभाळलेली ही व्यवस्था एकाच वेळी अन्न देते आणि गाव राखते. कांदळवन लाटेचा जोर मोडतं, सुरूचं बन वाऱ्याचा. यातलं काहीही सिमेंटच्या बंधाऱ्याने पूर्ण भरून निघत नाही. उघाडी नादुरुस्त झाली, बांधाला खांड पडली की शेत खारं होतं. मग शेत सुटतं, मग भराव पडतो, आणि पुढच्या पुराचं पाणी आपल्या माजघरात शिरतं.

ओडिशाने आपल्याला एक धडा दिलाय. १९९९ च्या महाचक्रीवादळात तिथे सुमारे दहा हजार माणसं गेली. २०१३ मध्ये फायलिन आलं तेव्हा मृतांचा आकडा पन्नासच्याही आत राहिला. मधल्या चौदा वर्षांत त्यांनी निवारे बांधले, सूचना वाडीपर्यंत पोचवली, माणसं वेळेत हलवण्याचा सराव केला. त्यातले कित्येक निवारे एरवी शाळा म्हणून वापरात असतात. आपल्या जिल्हा परिषदेच्या शाळाही अशा का होऊ नयेत? जोतं उंच, पट्टे बांधलेले, छप्पर पक्कं, वर पाण्याची टाकी आणि सौर दिवे. एरवी शाळा, वेळेला गावाचा आसरा.

टिकाऊ म्हणजे पुन्हा बांधावं न लागणारं

पर्यावरणाचा विचार म्हटलं की आपल्याला छपरावरचं सौर पॅनेल आठवतं. ते चांगलंच. पण जगातल्या कार्बन डायऑक्साइडच्या उत्सर्जनात एकट्या सिमेंट उद्योगाचा वाटा सात-आठ टक्के आहे. दहा वर्षांत दोनदा पडून दोनदा बांधलेलं घर, मग त्यावर कितीही पॅनेल लावा, पृथ्वीला महागच पडतं. ओरबाडलेली खाण, तुटलेलं झाड, उपसलेली वाळू, पुन्हा पुन्हा.

जुनं घर पक्कं करून वापरणं हा सर्वांत हिरवा मार्ग आहे. नवं बांधायचं तर जवळचा चिरा, चांगलं कौल, गरजेपुरतंच सिमेंट, पण जिथे हवं तिथे अचूक. पट्ट्यात, कोपऱ्यात, सांध्यात. उंच जोतं, मोठी पडवी, वाऱ्याची आरपार वाट यांनी घर गार राहतं. त्याला पट्ट्यांची आणि बोल्टची जोड दिली की ते सुरक्षितही होतं. कोकणातलं घर कोकणासारखं दिसावं हा हट्ट आपण सुखाने धरू शकतो. सुरक्षेसाठी सौंदर्य सोडावं लागत नाही.

कुणी काय करायचं?

घर बांधणाऱ्याने गवंड्याला पहिल्या दिवशी तीन प्रश्न विचारायचे. पट्टे कुठे-कुठे आहेत? रिंगा कशा वळवणार? छप्पर भिंतीला कशाने बांधणार? प्रश्न विचारला जातोय म्हटल्यावर काम बदलतं. घरकुल मंजूर झालं असेल तर पैसा तुटपुंजा असतो, हे खरं. म्हणून खोली एक फूट कमी करा, पण पट्टा वगळू नका.

गवंडी, सुतार, सेंटरिंगवाले भाऊ, तुम्ही तर या कामाचे मुख्य. गिऱ्हाईक 'कशाला एवढं' म्हणालं तरी दोन शब्द समजावून सांगा. सरकारी गवंडी प्रशिक्षण जवळ कुठे होत असेल तर जा आणि सोबत एका पोराला न्या. आम्हीही शब्द देऊ: पक्कं काम करणाऱ्याशी रोजावरून घासाघीस करणार नाही.

चाकरमान्यांनो, मुंबईतली आपली ग्रामस्थ मंडळं मंदिराचा सभामंडप बांधायला लाखांनी निधी उभारतात. आपली ताकद तिथे दिसते. एका वर्षी तो निधी वाडीवरच्या शाळेचं छप्पर बांधून घ्यायला, विधवा काकूंच्या घराला जाळीचा पट्टा मारायला वळवूया. देव रागावणार नाही. आणि बंद घराची किल्ली शेजारी देताना एवढंही सांगून ठेवूया की मे महिन्यात एकदा वर चढून बघा, खर्च आम्ही देतो.

बचत गटाच्या ताई, घराची खरी नाडी तुम्हाला ठाऊक असते. कुठे ओल येते, कोणता कोपरा हलतो, पाणी कुठून शिरतं. वाडीतल्या प्रत्येक घराची ही माहिती एका वहीत उतरवा. एकटी आजी कुठे आहे, कोण चालू शकत नाही, हेही त्यात लिहा. त्या वहीइतका कामाचा आपत्ती आराखडा कुठल्याही कार्यालयात मिळणार नाही.

अभियांत्रिकी आणि वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांनो, सुट्टीत गावी याल तेव्हा चार घरं पाहून चार पानं लिहा. शिक्षकांनो, मुलांना पऱ्याचा उगम ते खाडी असं एकदा पायी घेऊन जा. वाटेत पाणी कुठे अडलंय, कुठे कुणी भराव टाकलाय, हे मुलं बरोबर टिपतात आणि घरी येऊन विचारतात. मुलाने विचारलेला प्रश्न बापाला टाळता येत नाही.

आणि सरकारकडे मागायचं ते एकजुटीने मागायचं. चिपळूणकरांनी २०२१ च्या पुरानंतर बचाव समिती स्थापून साखळी उपोषण केलं, तेव्हा वाशिष्ठी नदीतला गाळ निघायला लागला. मोऱ्या मोठ्या हव्यात, रस्त्याच्या भरावाखाली पाण्याला वाट हवी, किनाऱ्यावर वीजवाहिन्या जमिनीखालून हव्यात, धरणांची तपासणी होऊन तिचा अहवाल गावात वाचून दाखवला जावा. या मागण्यांत पक्ष नाही, जात नाही, वाडी-वाडीतलं भांडण नाही.

'आमच्या गावात कधी काही झालं नाही' असं म्हणणारे आपल्यात असतील. त्यांच्याशी वाद घालू नका. त्यांना सोबत घेऊन त्यांच्याच घराच्या माळ्यावर चढा आणि वासा हलवून दाखवा.

१ मे ची ग्रामसभा

तर काम ठरवूया. १ मे ला ग्रामसभा असते. त्या दिवशी प्रत्येक गावात एक ठराव मांडायचा: दरवर्षी मे च्या पहिल्या पंधरवड्यात गावाची सामूहिक शाकारणी. नाव जुनं, काम वाढवलेलं. पहिल्या रविवारी छपरं: वासे, बोल्ट, कौलं, पत्रे. दुसऱ्या रविवारी भिंती आणि पाया: भेगा, कोपरे, उघडे गज. मधल्या संध्याकाळी पाणी आणि उतार: चर, पऱ्या, मोऱ्या, उघाड्या, आधारभिंतींची भोकं. शेवटी शाळेत एकदा सराव, की भोंगा वाजला तर कुणी कुणाला घेऊन कुठे जायचं.

सगळं पहिल्या वर्षी होणार नाही. दहा घरं झाली तरी पुष्कळ. पहिल्या दहात गावातली सर्वांत कच्ची घरं घ्यायची, सरपंचाचं नाही. पुढच्या वर्षी आणखी दहा. पाच वर्षांत गावात अशी पन्नास घरं असतील, जी वाऱ्याने उघडी पडणार नाहीत आणि धक्क्याने सुटणार नाहीत. आणि गावात असे पाच-सात तरुण तयार झालेले असतील, ज्यांना शेजारची गावं बोलावणं पाठवतील.

ठरावाचा मसुदा साधा आहे, चार ओळींत बसतो. तो आजच लिहून काढा. एक प्रत ग्रामपंचायतीकडे द्या, एक मुंबईच्या मंडळाच्या ग्रुपवर टाका, आणि खाली पहिलं नाव स्वतःचं लिहा. दुसरं नाव शेजारी लिहील. तिसऱ्याला विचारायला दोघं मिळून जा!